आपल्या रायफलीला कोणता पेलेट मानवतो: चाचणीची पद्धत

एकाच कारखान्यातून आणि एकाच नावाच्या डब्यातून आलेले पेलेट, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या एअर रायफलीतून मारायच्या शिशाच्या छोट्या गोळ्या, एका रायफलीतून दहा मीटरवर जवळजवळ एकाच छिद्रात जातात आणि शेजारच्या लेनवरच्या तशाच रायफलीतून पसरतात, हे रेंजवर काही महिने काढलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. नळीचा आतला व्यास, आतल्या खाचांची धार आणि नळीच्या तोंडाची घडण यांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका फरक असतो, आणि तेवढा फरक शिशासारख्या मऊ धातूच्या पेलेटला पुरेसा होतो. म्हणून मित्राच्या रायफलीला मानवलेला पेलेट आपल्या रायफलीला मानवेलच असे नाही. तो आपल्याच रायफलीवर आणि आपल्याच रेंजवर पारखून घ्यावा लागतो. गोव्यात बार्देशातल्या आमच्या रेंजवर येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना मी हे वारंवार सांगत आले आहे. त्याची सगळी रीत एका जागी लिहिलेली असावी, म्हणून हा लेख.

परदेशात मोठ्या कॅलिबरच्या रायफली वापरणारे अनेक नेमबाज वापरलेली पितळी काडतुसे स्वतः पुन्हा भरतात, बारुदाचे वजन थोड्या थोड्या फरकाने बदलतात आणि प्रत्येक भरणीचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या काही शॉटच्या छिद्रांचा पुंजका, मोजून आपल्या रायफलीची आवड शोधतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत. शिवाय पॉइंट टू टू (०.२२ इंची) काडतुसाचा पेट घेणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेतच भरलेला असल्यामुळे ते काडतूस पुन्हा भरणे व्यवहारात शक्य नसते, आणि एअर रायफलीत तर बारूदच नसते. त्यामुळे आपल्या हाती तीन गोष्टी उरतात: पेलेटची बनावट, त्याच्या डोक्याचा व्यास आणि त्याची बॅच, म्हणजे कारखान्यात एका वेळी तयार झालेला माल. बदलण्याच्या गोष्टी वेगळ्या असल्या तरी पारखण्याचे तर्कशास्त्र तेच आहे, आणि चूकही बहुतेक वेळा त्याच जागी होते.

ही चाचणी कोणी करावी

चाचणीला अर्धा दिवस आणि दोनेकशे पेलेट लागतात, म्हणून तिचा उपयोग कोणाला होईल हे आधी पाहावे. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ फक्त ०.५ मि.मी. व्यासाचे असते आणि पेलेट ४.५ मि.मी. व्यासाचा, त्यामुळे पेलेटचे केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून २.५ मि.मी.च्या आत पडले की दहा मिळतात. तिथून आत प्रत्येक ०.२५ मि.मी.ला गुणाचा दहावा भाग वाढत १०.९ पर्यंत जातो. साठ शॉटची कमाल गुणसंख्या ६५४.० असते.

आता असे समजा की नेमबाजाच्या स्वतःच्या हाताची चूक केंद्रापासून सरासरी २ मि.मी. आहे. रायफल आणि पेलेट यांची मिळून सरासरी चूक ०.५ मि.मी. असेल, तर दोन्ही मिळून २.०६ मि.मी. होते, आणि ती १ मि.मी. असेल तर २.२४ मि.मी. होते. या चुका साध्या बेरजेने मिळत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. हा फरक दर शॉटला ०.०७ गुणांचा, म्हणजे साठ शॉटला चार गुणांहून थोडा अधिक होतो, आणि राज्य स्पर्धेत चार गुणांत अनेक जागा वरखाली होतात. ज्याच्या हाताची चूक अजून ५ मि.मी. आहे, त्याला मात्र तोच बदल साठ शॉटमध्ये पावणेदोन गुणांच्या आसपासच देईल. तेवढे गुण तो महिनाभर श्वास आणि ट्रिगर यांवर नीट काम केल्यास सहज मिळवील. म्हणून नवशिक्याच्या पालकांना माझा सल्ला असा आहे की चांगल्या स्पर्धा दर्जाच्या पेलेटचा एक डबा घ्यावा, मुलाला वर्षभर त्यावर सराव करू द्यावा आणि ही चाचणी पुढे ठेवावी.

रायफल आधी स्थिर करावी

चाचणीच्या आदल्या दिवशी दस्त्याचे (खांद्याला टेकवून धरायच्या भागाचे) आणि नळीजवळचे सगळे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या ताकदीने घट्ट आहेत का ते पाहावे, कारण अर्ध्या वाटेवर सैल झालेला एक स्क्रू चार बॅचचा निकाल फिरवतो. नळी साफ करायची असेल तर फेल्टचे बोळे वापरून साफ करावी आणि त्यानंतर वीस-पंचवीस पेलेट मारून तिला पूर्ववत होऊ द्यावे. ताज्या साफ केलेल्या नळीचे पहिले काही शॉट वेगळ्या जागी पडतात. हवेचा सिलेंडर पुरेसा भरलेला असावा आणि चाचणीभर त्याचा दाब उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या खाली जाऊ देऊ नये. त्याची मुदतही याच वेळी वाचून घ्यावी, कारण अनेक उत्पादक सिलेंडरला दहा वर्षांची मुदत देतात आणि जुनी रायफल विकत घेताना ती तारीख पाहायची राहून जाते.

शक्य असेल तर रायफल शिकंजात (व्हाइसमध्ये) धरून चाचणी घ्यावी. शिकंजा भक्कम टेबलाला बोल्टने बसवलेला असावा आणि त्याने दस्ता नव्हे, तर रायफलीचा धातूचा भाग धरावा. अशा चाचणीत नेम धरण्याचा प्रश्नच येत नाही. ग्रुप टार्गेटच्या कोणत्या कोपऱ्यात पडला याला महत्त्व नसते, तो किती आवळला आहे एवढेच पाहायचे असते. बहुतेक छोट्या रेंजवर शिकंजा नसतो, तिथे वाळूच्या पिशव्यांवर काम भागवता येते. पुढची पिशवी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली आणि मागची खांद्याकडच्या टोकाखाली ठेवावी, आणि नळी कशालाही टेकू देऊ नये.

पिशव्यांबद्दल गोव्यात एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. समुद्रकिनारा हाताशी आहे म्हणून तिथली वाळू भरू नये. त्या वाळूतले मीठ हवेतला ओलावा ओढते, पिशवी आठवडाभरात दमट होते आणि तिच्यावर टेकलेल्या रायफलीच्या पोलादावर गंज धरू लागतो. आम्ही बांधकामाची बारीक वाळू दोन-तीन पाण्यांत धुतो, मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर पसरून खडखडीत वाळवतो आणि जुन्या जीन्सच्या पायांत भरून दोन्ही टोके शिवून टाकतो. पिशवी पूर्ण भरू नये. मुठीने दाबल्यावर खळगा पडेल आणि तो तसाच राहील इतकी जागा ठेवावी.

पेलेटची निवड आणि हाताळणी

स्पर्धेसाठी चपट्या डोक्याचे पेलेट वापरतात, कारण ते कागदात स्वच्छ गोल छिद्र पाडतात. रायफलीसाठीच्या पेलेटचे वजन साधारण ०.५३ ग्रॅम असते आणि डब्यावर डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा छापलेला असतो. एच अँड एन फिनाले मॅच आणि आरडब्ल्यूएस आर १० ही नावे आपल्याकडच्या बहुतेक नेमबाजांना ओळखीची आहेत. एका चाचणीत चारांहून अधिक प्रकार घेऊ नयेत, नाही तर थकवा निकालात मिसळतो. पहिल्या चाचणीत एकाच बनावटीचे दोन व्यास आणि दुसऱ्या बनावटीचे दोन व्यास घेतले, तर पुढची दिशा समजते. बॅचची तुलना त्यानंतर करावी. प्रत्येक डब्यावरचा बॅच क्रमांक वहीत उतरवून घ्यावा, कारण पुढे विकत घेताना नुसत्या नावाचा काही उपयोग होत नाही.

पेलेटचा मागचा भाग, ज्याला आम्ही घेर म्हणतो, कागदासारखा पातळ असतो. पेलेट मऊ कापडावर ओतून उजेडात एकेक पाहावा आणि घेर चेपलेला किंवा कडेला शिशाचा तुकडा चिकटलेला असेल तर तो बाजूला काढावा. डबा हातात घेऊन हलवण्याची सवय मुलांना असते; ती मोडावी. वजनाप्रमाणे पेलेट निवडण्यात मात्र वेळ घालवू नये असे माझे मत आहे. चांगल्या बनावटीत त्याने होणारा लाभ इतका लहान असतो की आपल्या मोजमापात तो दिसतही नाही.

शिसे विषारी आहे, ही गोष्ट रेंजवर सर्वांना माहीत असते आणि तरीही पाळली जात नाही. पेलेट तोंडात धरू नयेत, चाचणी चालू असताना काही खाऊ नये, आणि पाव-भाजीकडे वळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. डोळ्यांवर चष्मा असावा. टार्गेट बदलायला कोणीही पुढे जाण्यापूर्वी रायफल रिकामी करून नळीत सुरक्षेचा झेंडा (नळी रिकामी असल्याची रंगीत खूण) घातलेला असावा. चाचणीच्या घाईत नेमके हेच राहून जाते, म्हणून दोघे असतील तर एकाने फक्त याकडे लक्ष ठेवावे.

प्रत्यक्ष चाचणी

आता मुख्य मुद्दा. एका पाच शॉटच्या ग्रुपवरून पेलेटची पारख करू नये. काही वर्षांपूर्वी मी हीच चूक केली. एका नव्या बॅचचे पाच पेलेट एका छिद्रात गेले, ते छिद्र पाहून मी हरखून गेले आणि वर्षभराचे डबे त्याच बॅचचे मागवले. पुढच्या महिन्यात त्याच पेलेटचे सलग ग्रुप मोजले, तेव्हा ते माझ्या जुन्या बॅचहून मोठे निघाले. पेलेटमध्ये काही बिघाड झाला नव्हता. पाच शॉटचा ग्रुप हा स्वभावतःच फार हेलकावणारा असतो. त्याच रायफलीतून, त्याच डब्यातले पेलेट मारले तरी एक ग्रुप दुसऱ्याच्या दीडपट होणे अगदी नेहमीचे आहे. दहा शॉटचा ग्रुप पाच शॉटच्या ग्रुपहून सरासरी सव्वापट मोठा येतो, तोही पेलेट बिघडल्यामुळे नव्हे, तर अधिक शॉटमध्ये दूरचा शॉट पडण्याची संधी अधिक असते म्हणून. यामुळे पाच शॉटच्या ग्रुपची तुलना दहा शॉटच्या ग्रुपशी कधीच करू नये.

म्हणून प्रत्येक प्रकाराचे पाच शॉटचे सहा ग्रुप घ्यावेत आणि त्या सहांची सरासरी काढावी. हे सहा ग्रुप सलग घेऊ नयेत. पहिल्या फेरीत क, ख, ग, घ या क्रमाने प्रत्येकाचा एक ग्रुप घ्यावा, दुसऱ्या फेरीत उलट क्रमाने, आणि पुढे अशाच आलटून पालटून सहा फेऱ्या कराव्यात. दुपार चढते, एसी चालू-बंद होतो, सिलेंडरचा दाब उतरतो आणि माणूस थकतो. सलग घेतले, तर हे सगळे शेवटच्या प्रकाराच्या माथी बसते; फिरवून घेतले, तर ते चौघांत सारखे वाटले जाते. प्रकार बदलल्यावर पहिले तीन शॉट वेगळ्या कागदावर मारून सोडून द्यावेत आणि मगच मोजायचे पाच घ्यावेत. मध्येच सिलेंडर बदलायची वेळ आली, तर चालू फेरी पूर्ण करून बदलावा.

वाळूच्या पिशवीवरून चाचणी घेताना मारणाऱ्याला कोणता पेलेट चालू आहे हे कळू देऊ नये. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. आपण पैसे देऊन मागवलेल्या नव्या डब्यावर आपला जीव असतो, त्याच्या वेळी आपण ट्रिगर थोडा अधिक जपून ओढतो आणि हे आपल्याला जाणवतही नाही. सोबत्याने चार सारख्या वाट्यांत पेलेट काढावेत, खालच्या बाजूला खूण करावी, क्रम स्वतःच्या कागदावर लिहावा आणि सगळे मोजून होईपर्यंत तो कागद दाखवू नये. आमच्याकडे हे काम बहुधा कोणाची तरी आई करते, आणि ती ते आमच्याहून काटेकोरपणे करते.

एखादा शॉट सुटताना खरोखर हात हलला असेल, तर टार्गेट पाहण्यापूर्वीच तसे मोठ्याने सांगावे आणि तो ग्रुप पुन्हा घ्यावा. टार्गेट पाहून झाल्यावर मात्र दूर पडलेला कोणताही शॉट वगळू नये. पेलेटचा दोष असाच, वीसातल्या एखाद्या शॉटमध्ये दिसतो आणि स्पर्धेत तोच महागात पडतो.

मोजणे

कागदावर ग्रुप मोजायला व्हर्नियर कॅलिपर लागतो. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर घ्यावे आणि त्यातून एका छिद्राचा व्यास वजा करावा. उरते ते केंद्रापासून केंद्रापर्यंतचे अंतर. वजा करताना सरसकट ४.५ मि.मी. धरू नयेत, कारण कागदातले छिद्र पेलेटहून किंचित लहान राहते. त्याच दिवशी, त्याच कागदावर एक सुटा शॉट मारून त्याचे छिद्र मोजावे आणि तोच आकडा वापरावा.

जून ते सप्टेंबर या काळात गोव्याच्या दमट हवेत टार्गेटचा कागद नरम पडतो. कोरड्या कागदात पेलेट चकतीसारखा गोल तुकडा कापून नेतो. नरम कागदात कडेला धागे उरतात, भिंगाखाली ते केसांसारखे दिसतात आणि कॅलिपरचे टोक कुठे टेकवावे हेच कळत नाही. यासाठी टार्गेट सिलिका जेल टाकलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवावेत, एका वेळी एकच काढावे, मागे जाड पुठ्ठा लावावा आणि छिद्रे त्याच दिवशी मोजावीत. चाचणीसाठी निवड करता येत असेल, तर दिवाळीनंतरची कोरडी हवा पाहून दिवस ठरवावा.

रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर आणखी चांगली रीत वापरता येते. काही यंत्रे प्रत्येक शॉटची आडवी आणि उभी जागा आकड्यांत देतात. त्या आकड्यांवरून ग्रुपचा मध्य काढावा, प्रत्येक शॉट त्या मध्यापासून किती दूर आहे ते काढावे आणि त्या अंतरांची सरासरी घ्यावी. यात फक्त दूरचे दोन शॉट नव्हे, तर सगळे शॉट निकालात भाग घेतात, त्यामुळे तेवढ्याच पेलेटमधून अधिक भरवशाचे उत्तर मिळते. गुणांची बेरीज मात्र पाहू नये. साइट, म्हणजे रायफलीवरचे नेम धरायचे साधन, जरा सरकलेली असली, तर उत्तम ग्रुपलाही गुण कमी पडतात.

निकाल कसा वाचावा

सहा-सहा ग्रुपच्या सरासरीत दोन प्रकारांमधला फरक सातव्या-आठव्या हिश्शाइतकाच असेल, तर दोन्ही सारखे समजावेत आणि जो स्वस्त किंवा सहज मिळणारा असेल तो घ्यावा. फरक तिसऱ्या हिश्शाहून मोठा असेल, तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. या दोहोंच्या मध्ये असेल, तर त्या दोन प्रकारांचीच दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी घ्यावी आणि दोन्ही दिवसांची सरासरी एकत्र करावी. पहिल्या दिवशी हरलेल्या प्रकाराला दुसऱ्या दिवशी जिंकताना मी अनेकदा पाहिले आहे. तसे झाले, तर दोघांत खरा फरक नव्हता एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

चारही प्रकारांचे ग्रुप मोठे येत असतील, तर पेलेटना दोष देण्यापूर्वी रायफलीकडे परत जावे. स्क्रू, शिकंजाची पकड, टेबलाचा डुगडुगणारा पाय आणि नळीचे तोंड या क्रमाने शोध घ्यावा. नळीच्या तोंडावर नखाने जाणवेल असा ओरखडा असेल, तर घरी काही करू नये. ती जाणकार कारागिराकडेच द्यावी.

पॉइंट टू टू रायफलीसाठी हीच रीत ५० मीटरवर चालते. तिथे दहाचे वर्तुळ १०.४ मि.मी.चे असते, वाऱ्याचा भाग फार मोठा होतो आणि प्रत्येक बनावटीचे मेणासारखे वंगण वेगळे असल्यामुळे प्रकार बदलल्यावर तीन नव्हे, तर दहा-बारा शॉट सोडावे लागतात. एली आणि लापुआ या काडतूस बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच्या चाचणी रेंज ठेवल्या आहेत आणि नेमबाज आपली नळी तिथे नेऊन अनेक लॉट (बॅच) पारखून घेतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून आमच्याकडेही या प्रकाराची चौकशी वाढली आहे. काडतुसे परवान्यावर आणि मर्यादित संख्येत मिळतात, त्यामुळे प्रत्येक शॉटची नोंद अधिक जपून ठेवावी लागते, आणि खुल्या रेंजवर पहाटे वारा पडलेला असताना चाचणी उरकावी.

निवडलेली बॅच आणि पावसाळा

बॅच ठरली की हंगामाला पुरतील इतके डबे त्याच क्रमांकाचे एकदम घ्यावेत, कारण पुढच्या मालाचा क्रमांक वेगळा असेल आणि सगळे काम पुन्हा सुरू करावे लागेल. त्यानंतर रायफल शिकंजातून काढून, उभे राहून, नेहमीच्या जॅकेटसह दोन पूर्ण सामने त्या पेलेटवर मारावेत. साइट पुन्हा जुळवावी लागेल, कारण बहुतेक वेळा नवा पेलेट जुन्याच्या जागी पडत नाही.

साठवणुकीत आमचा खारा वारा आणि लाकडी कपाट हे दोन्ही शत्रू आहेत. लाकडातून, विशेषतः बंद कपाटात, आम्लाची वाफ सुटते आणि ती शिशाला खाते. त्यात पावसाळ्यातला ओलावा मिसळला की पेलेटवर पांढरी भुकटी धरते, जी बोटाला लागते, नळीत जाते आणि ग्रुप फोडते. डबे घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, धातूच्या कपाटात ठेवावेत. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा कोरडे करावे. प्रत्येक डब्याच्या झाकणावर बॅच क्रमांक, चाचणीची तारीख आणि सहा ग्रुपची सरासरी पक्क्या शाईने लिहावी. चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर पेटी उघडली की एका डब्यातले पेलेट काळ्या कापडावर ओतून पाहावेत आणि त्याच बॅचचे पाच शॉटचे सहा ग्रुप पुन्हा घेऊन नवी सरासरी झाकणावरच्या आकड्याच्या खाली लिहावी.